ड्रिलकर

त्याचं खरं आडनाव सांगत नाही. शेवटी 'कर' आहे, एवढं पुरे. त्या 'कर'च्या आधी कोकणातल्या एका वाडीचं नाव येतं. पण त्या वाडीत त्याचे पणजोबा तरी राहिले होते का, यावर त्यांच्या घरातच एकमत नाही. ड्रिल मात्र गेली पाच-सहा वर्षं त्याच्या हातून सुटलेलं आम्ही पाहिलेलं नाही. एका लग्नात सुटलं होतं. तिथेही मांडवाचा खांब हलताना दिसला, तसा हा अंतरपाटाचं टोक माझ्या हातात देऊन गाडीकडे धावला आणि ऐन मंगलाष्टकांत घुर्रर्र करून खांब पक्का करून आला. त्या दिवसापासून एडिसन गावातल्या आमच्या मंडळींत त्याचं नाव ड्रिलकर पडलं. त्याला ते मनापासून आवडतं. नव्या माणसाला सांगतो, "अहो, हे आडनाव नाही, आज्ञा आहे. ड्रिल, कर!"

हा प्राणी दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात एखादा सापडतोच. गणपतीच्या मखराला झिरमिळ्या लावायला पन्नास हात पुढे येतात. मखर गणपतीवर कोसळू नये म्हणून मागून लोखंडी पट्टी मारणारा हा एकटा. नाटकाच्या दुसऱ्या अंकात सेटचं दार अडकलं की प्रेक्षकांतून उठून, कोट बायकोच्या मांडीवर ठेवून विंगेत शिरणाराही हाच. त्याच्या घरी नवा पाहुणा गेला की आधी गॅरेज दाखवतात, मग देवघर. गॅरेजच्या भिंतीवर भोकाभोकांची फळी आहे, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या मार्करनं काढलेली. पक्कड कोणी नेली असेल तर तिथे नुसतं पकडीचं भूत दिसतं. स्क्रू, वॉशर, नट हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाचा डबा आला तरी मी आधी हलवून बघतो.

याचं मूळ डोंबिवलीत आहे. दोन खोल्यांची चाळ, आणि घरमालकाची सक्त ताकीद की भिंतीला खिळा मारायचा नाही. जो एक खिळा वाडवडिलांपासून होता, त्याच्यावर आजोबांचा फोटो, त्यावर कॅलेंडर, त्यावर दुधाच्या हिशेबाची वही, अशी तीन पिढ्यांची सोय. एकदा दाराची बिजागरी निखळली तेव्हा सुतार आला, सामता घेऊन. धनुष्याची दोरी दांड्याला गुंडाळलेली, एक हात वरून दाबतोय, दुसरा धनुष्य पुढे-मागे ओढतोय, आणि लाकडातून पिवळा भुसा पिठासारखा गळतोय. आठ वर्षांचा ड्रिलकर शाळा बुडवून त्याच्यासमोर उकिडवा बसला. "त्या दिवशी ठरलं," असं तो म्हणतो. काय ठरलं ते उमगायला तीस वर्षं लागली. मधल्या काळात इंजिनिअरिंग, मेनफ्रेम, व्हिसा, ग्रीन कार्ड हे किरकोळ उद्योग उरकले. मग त्यानं घर घेतलं. इथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंतींना जिप्समचे बोर्ड. कुठेही भोक पाडा, घरमालक तुम्हीच. पहिल्या महिन्यात त्यानं इतकी भोकं पाडली की वहिनी म्हणाल्या, "चाळीतून निघाले आणि चाळणीत आले."

हे झालं भिंतींचं. आमच्या गोष्टीतलं ड्रिल भोक पाडत नाही, छप्पर उचलतं.

पॉप-अप कॅम्पर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंद असताना तो चाकांवरचा एक बुटका पेटारा असतो, गाडीच्या मागे मुकाट ओढला जाणारा. मुक्कामी पोचलं की त्याचं झाकण सरळ वर जातं, चार कोपऱ्यांतले एकात एक बसलेले खांब दुर्बिणीसारखे लांबत जातात, दोन्ही टोकांना बिछाने फळ्यांसकट बाहेर सरकतात, मधे कापडाच्या भिंती ताणल्या जातात, आणि पेटाऱ्याचं बिऱ्हाड होतं. आत दोन बर्नरची शेगडी, बेसिन, टेबल. सहा माणसं झोपतात असं कागदोपत्री लिहिलेलं असतं. त्यातली दोन घोरणारी असतील तर चारच झोपतात.

झाकण वर जातं ते विंचवर. विंच म्हणजे आपला रहाटच, फक्त पाण्याऐवजी छप्पर शेंदायचं. पुढच्या बाजूला हँडल घालून फिरवलं की एक जाड तार ड्रमवर गुंडाळली जाते, ती कॅम्परच्या पोटाखाली चार तारांना ओढते, आणि त्या चौघी आपापला कोपरा उचलतात. चढवताना दात्यांवर खिटी पडत जाते, टक् टक् टक्. उतरवताना आतला ब्रेक घासत जातो, आवाज अजिबात नाही. "माणसांचं बरोब्बर उलट," ड्रिलकर म्हणतो. "चढतात गुपचूप, उतरताना बोंबलतात."

या पेटाऱ्यांचं माहेर इंडियाना राज्यातली एल्कहार्ट काउंटी. तिथल्या मिडलबरी गावात लॉइड बॉन्ट्रेगर नावाच्या गृहस्थानं १९६८ साली स्वतःच्या शेतावरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये जेको ही कंपनी काढली, आणि त्याचं खरं भांडवल म्हणजे छप्पर उचलण्याची त्यानं स्वतः रचलेली युक्ती. त्याच काउंटीतल्या गोशेन गावची छप्पर उचलण्याची यंत्रणा पुढे कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅम्परांच्या पोटात बसली. ड्रिलकर हे सांगताना नुसतं बॉन्ट्रेगर म्हणत नाही, 'बॉन्ट्रेगरसाहेब' म्हणतो. आपल्याकडची म्हातारी माणसं लोखंडी नांगरवाल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव ज्या आवाजात घ्यायची, तोच आवाज.

कॅम्पर त्यानं घेतला तो मुलगा सात वर्षांचा असताना, पेन्सिल्वेनियातल्या एका निवृत्त जोडप्याकडून, वापरलेला. हँडल फिरवण्याचं खातं पहिल्या दिवसापासून मुलाकडे गेलं. दोन्ही हातांनी दांडा धरून, त्याच्याबरोबर उठत-बसत तो फिरवायचा, आणि ड्रिलकर शेजारी उभा राहून एकच अट घालायचा: फेरे मराठीत मोजायचे. रविवारच्या मराठी शाळेत जे जमलं नाही ते विंचनं केलं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस... एकोणतीसला पोरगं हमखास अडखळायचं. "वीसनऊ!" म्हणायचं. मग छप्पर तिथेच अधांतरी थांबायचं, पाऊस असो की डास, आकडा दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा टक् नाही. बावन्नाव्या फेऱ्याला छप्पर पुरेसं वर जायचं. परिणाम असा झाला की त्या मुलाला आजही मराठीत बावन्नपर्यंतच आकडे येतात. त्रेपन्नपासून पुढे तो अमेरिकन आहे.

तो मिशिगनला शिकायला गेला त्या ऑगस्टनंतर कॅम्पर वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली पडून होता. मग एका वसंतात ड्रिलकरनं जाहीर केलं की आपला खांदा धरलाय, हँडल फिरवणं जमणार नाही, ड्रिल लावणार. खांद्याबद्दल मला शंका होती, कारण हे जाहीर केलं तेव्हा तो डेकच्या फळ्या उचलून नव्या बसवत होता. पण मित्राच्या खांद्याबद्दल फार खोलात जाऊ नये.

तीन शनिवार-रविवार गेले. विंचचं हँडल 'झेड' अक्षरासारखं असतं. त्याचं एक टोक विंचमध्ये बसतं, दुसरं हातात. ड्रिलकरनं हॅकसॉ घेतली आणि हँडल मधोमध कापलं. हो, होतं ते एकुलतं एक हँडल. विंचमध्ये जाणारा सरळ तुकडा अर्ध्या इंचाच्या चकमध्ये बरोब्बर बसला, आणि मुठीचा तुकडा टाकवेना म्हणून गॅरेजच्या फळीवर टांगला, त्याची आकृती काढून. कॅम्परबरोबर आलेलं मॅन्युअल त्यानं प्लास्टिकच्या कव्हरात जपलंय. त्यात छापलेलं आहे की छप्पर उचलायला पॉवर टूल वापरू नये. त्या ओळीखाली त्यानं पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, "का?"

वहिनी अकाउंटंट आहेत. त्यांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. हातानं चार मिनिटं लागतात, ड्रिलनं एक, वाचली तीन. वर्षातून आठ वेळा छप्पर उचलतो. वाचली चोवीस मिनिटं. तीन वीकेंडांचे तीस तास म्हणजे अठराशे मिनिटं. "पंचाहत्तर वर्षांत वसूल होतील," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही एकशे तेहतीस वर्षांचे असाल. तोवर तरी खांदा बरा होईल." ड्रिलकरनं तो कागद घडी करून मॅन्युअलच्या कव्हरात ठेवला. तो कागद टाकत नाही, कुठलाच.

'का?'चं उत्तर पहिल्याच खेपेला मिळालं. प्रवासात छप्पर उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार कड्या असतात, त्या उचलण्याआधी सोडायच्या. ड्रिलकरनं तीन सोडल्या. हातानं फिरवणाऱ्याला अशा वेळी दुसऱ्या फेऱ्यालाच दांडा जड लागतो, माणूस थांबतो, बघतो. ड्रिलला जड लागत नाही. तीन कोपरे उठले, चौथा जागेवर, आणि सगळं छप्पर एका अंगानं कलंडून कोणाला तरी मुजरा करत असल्यासारखं उभं. शेवटी विंचनंच हटवादीपणा केला तेव्हा ड्रिलनं आपली ताकद दुसरीकडे वळवली: दांडा थांबला आणि ड्रिल फिरलं, ड्रिलकरच्या मनगटासकट. मनगट आठवडाभर वांग्यासारखं होतं.

"अरे, चंद्रावरही अडकलं होतं!" हा त्याचा बचाव. आणि तो खरा आहे. १९७१ साली अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉटनं चंद्राच्या जमिनीत बॅटरीवरचं ड्रिल चालवलं, ते खाली जाईना, आणि जे गेलं ते वर येईना. शेवटी स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांनी जोर लावून ती नळी उपसली. त्या ड्रिलची मोटर-बॅटरी ब्लॅक अँड डेकरची. याच कंपनीनं १९१७ साली पिस्तुलासारख्या मुठीच्या, चाप ओढायच्या ड्रिलचं पेटंट मिळवलं आणि १९६१ साली बिनतारी ड्रिल आणलं. ही सनावळी ड्रिलकरला शिवाजी महाराजांच्या सनावळीइतकीच पाठ आहे. सुजलेला हात गळ्यात बांधून तो मला ही सगळी सांगत होता, आणि मागे वहिनी चौथी कडी सोडत होत्या.

नंतर तो शहाणा झाला, म्हणजे त्यानं नियम केले. ड्रिल पहिल्या गियरवर, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. हॅमरचं बटण बंद. क्लचची कडी अशा आकड्यावर की अडथळा आला तर आतल्या आत कट्-कट् करून सुटेल. बाजूची मूठ लावलेली, पाय फाकवलेले, चाप निम्मा. कड्यांची यादी लॅमिनेट करून दोरीनं अडकवलेली: कडी एक, कडी दोन, कडी तीन, कडी चार. उतरवताना तर दर दहा सेकंदांनी थांबून विंचच्या ब्रेकला हाताचा पंजा लावून बघतो, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. कारण घासून तापलेला ब्रेक चकचकीत झाला की तो धरणार नाही, आणि मग छप्पर विंचच्या मर्जीनं नाही, स्वतःच्या मर्जीनं खाली येईल.

राहिला प्रश्न थांबायचं कुठे. हातानं मोजता येत होतं. ड्रिलचे फेरे कोण मोजणार? त्यासाठी त्यानं वहिनींच्या परकराची एक नाडी घेतली. वरचं टोक छपराच्या कडेला, खालचं पेटाऱ्याच्या कडीला. छप्पर वर जाईल तशी नाडी सरळ होत जाते. ताणली की थांबायचं. साधी, स्वस्त आणि अस्सल कल्पना. मला स्वतःला ती फार आवडली होती. गेल्या वर्षीपासून मात्र कॅम्परच्या कापडी दाराची झिप शेवटची वीतभर लागत नाही. "कापड आटलंय," ड्रिलकरनं निदान केलं. "पावसाचं." वहिनी तिथे कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावतात.

आता बॅटऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी झालं. इथल्या बिनतारी हत्यारांत रंगांची कडक गोत्रं आहेत. डिवॉल्ट पिवळं, मिलवॉकी लाल, मकिता निळसर हिरवं, रायोबी पोपटी. एका गोत्राची बॅटरी दुसऱ्याच्या हत्यारात बसत नाही. खाचा वेगळ्या, सरकायची तऱ्हा वेगळी. एकदा तरुणपणी ज्याचं ड्रिल घेतलं त्याचीच करवत, त्याचाच दिवा, त्याचाच पंखा, जन्माची गाठ. ड्रिलकर पिवळ्यांतला. लाल लोक श्रीमंतीचा तोरा मिरवतात आणि पोपटी लोक नुसते स्वस्तावर जातात, हे त्याचं समाजशास्त्र. पिवळ्या बॅटरीवर वीस व्होल्ट छापतात आणि लालवर अठरा, यावरून कोणी पिवळ्याला मोठं म्हटलं तर मात्र तो प्रामाणिकपणे खोडून काढतो: "दोन्हींत पाचच सेल. नव्या चार्जवर चार-चार व्होल्ट, म्हणून वीस. चालताना तीन पूर्णांक सहा, म्हणून अठरा. एकाच मुलीचं माहेरचं आणि सासरचं नाव." मग क्षणभर थांबून, "तरी पिवळंच चांगलं."

गेल्या जूनमध्ये आम्ही दोन कुटुंबं पोकोनोजच्या डोंगरांत प्रॉमिस्ड लँड स्टेट पार्कला गेलो. आय-८० धरून डेलावेअर वॉटर गॅप ओलांडलं की दोन्ही बाजूंना डोंगर सुरू होतात आणि ड्रिलकर गाडीत 'अगदी खंडाळा' म्हणतो. पंचवीस वर्षं म्हणतोय. मी तंबूवाला, तो कॅम्परवाला. विजेची सोय नसलेली साइट घेतली, कारण ती स्वस्त. शुक्रवारी संध्याकाळी अशा ठिकाणी जाऊन उभं राहावं. झाडी, तळं, धूर, आणि प्रत्येक साइटवरून घुर्रर्र, टर्रर्र, घुर्रर्र. कॅम्परांचे चारही कोपऱ्यांचे जॅक ड्रिलनं खाली सोडणारे बाप्ये गुडघ्यांवर टेकून ओळीनं बसलेले, कुठल्यातरी सामुदायिक उपासनेला बसावेत तसे. ड्रिलकरचा चेहरा पंढरपूरच्या वेशीवर आलेल्या वारकऱ्यासारखा झाला.

त्याच्या बॅटरीनं त्या दिवशी फार पुण्यकर्मं केली. चार जॅक सोडले. कॅम्पर एका बाजूला पाव बुडबुडा कलतोय म्हणून चारही उचलून पुन्हा सोडले. मग साइटवरच्या लाकडी टेबलाची फळी सैल दिसली, ती सरकारी फळी आवळली. माझ्या मुलीचा फोन उतरला होता, तो बॅटरीला यूएसबीचं टोपण लावून चार्ज केला, मग माझा, मग बायकोचा. आकाश भरून आलं तेव्हा त्यानं शेवटी दांडा चकमध्ये आवळला, विंचमध्ये घातला, 'कडी एक, कडी दोन' म्हटलं, चाप ओढला. छप्पर वीतभर उठलं. ड्रिलनं एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि मान टाकली.

"दुसरी बॅटरी?" मी विचारलं.

"घरी. चार्जरवर." मग खालच्या आवाजात, "विसरू नये म्हणून लावून ठेवली होती."

पहिले थेंब पडले. त्यानं लॉकिंग पक्कड काढली, दांड्याला आवळली आणि अर्धा-अर्धा फेरा ओढू लागला. पक्कड ओल्या गोल पोलादावरून घसरायची, पुन्हा आवळायची. टक्. घसर. टक्. घसर. गॅरेजमध्ये टांगलेला मुठीचा तुकडा त्या क्षणी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणार, पण कोणी बोललं नाही. वहिनींनी फक्त भाकऱ्यांचा डबा आणि ठेच्याची बरणी गाडीत परत नेऊन ठेवली, यातच सगळं आलं.

तेवढ्यात शेजारच्या साइटवरून एक उंच अमेरिकन आजोबा आले. सत्तरी ओलांडलेली, पिवळा रेनकोट, आणि हातात लाल यंत्र. दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं, आणि ओळख वगैरे लागली नाही. तोही ड्रिलकर, ओहायो शाखेचा. आजोबांनी बॅटरी पुढे केली. दोघांनी ती बसणार नाही हे माहीत असून एकदा बसवून पाहिली. मग आजोबा म्हणाले, माझंच यंत्र घे ना. पण ते ड्रिल नव्हतं, इम्पॅक्ट ड्रायव्हर होता. त्याच्या तोंडात पाव इंची षट्कोनी बिटच जातं, अर्ध्या इंचाचा दांडा कसा जाणार? यावर भर पावसात दहा मिनिटं अतिशय उच्च दर्जाची चर्चा झाली. अ‍ॅडॉप्टर कुठे मिळतो, किती जोर सोसतो, इम्पॅक्टचे धक्के विंचच्या दात्यांना कितपत मानवतील. आम्ही बाकीचे सहाजण माझ्या तीन माणसांच्या तंबूत बसून बघत होतो. आतून बायको म्हणाली, "यांना सांग, छप्पर उचलायचंय."

आजोबांना एकदम काहीतरी आठवलं. आपल्या ट्रकच्या मागच्या पेटीत डोकं खुपसून त्यांनी एक गंजकं हँडल काढलं. अख्खं, झेडसारखं. त्यांचा पॉप-अप त्यांनी दहा वर्षांपूर्वी विकला होता.

"मग हँडल तुमच्याकडे कसं?"

"घेणाऱ्यानं मागितलंच नाही," आजोबा म्हणाले. "त्याच्याकडे ड्रिल होतं."

कंपनी वेगळी, वर्ष वेगळं, पण पोटातलं यंत्र तेच गोशेनचं. हँडल खट्कन बसलं. एका कोपऱ्यात कापड चिमटलं होतं, तेव्हा ड्रिलकरनं आधी छप्पर पूर्ण खाली बसवलं, कापड सोडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. टक् टक् टक्. मी छत्री धरून शेजारी होतो म्हणून ऐकू आलं: तो मोजत होता. सवयच ती. अठ्ठावीस. एकोणतीस. एकोणतीसला तो जरासा थांबला; अडखळायला कोणी नव्हतं, तरी थांबला. खांद्याला काही झालेलं दिसलं नाही. नाडी ताणली तेव्हा हँडल सोडून त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं आणि आजोबांना हँडल परत दिलं. आजोबांनी घेतलं नाही. "मला काय करायचंय?" म्हणाले. "माझ्याकडे ड्रिल आहे."

रात्री पाऊस थांबल्यावर वहिनी टेबलावर चढून उभ्या राहिल्या. त्या साइटवर फोनची रेंज फक्त टेबलावर उभं राहिलं तर, आणि तळ्याकडे तोंड केलं तर येत होती. मिशिगनचा फोन लागला. "आज बाबांनी हातानं केलं," त्यांनी सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून खाली ड्रिलकरकडे धरला.

"बावन्न?" मुलानं विचारलं.

"त्रेपन्न," ड्रिलकर म्हणाला.

"म्हणजे?"

"फिफ्टी-थ्री."

पलीकडे क्षणभर शांत. "पण बाबा, वर बावन्नच असतात ना? एक जास्त फिरवला तर कापड ताणतं. मग दाराची झिप कशी लागते?"

ड्रिलकर काही बोलला नाही. त्यानं दाराकडे पाहिलं. दोन चिमटे, एक निळा, एक गुलाबी, वाऱ्यावर हलत होते. मग तो उठला, हँडल घेऊन पुढे गेला आणि एक फेरा उलटा फिरवला. आवाज झाला नाही. उतरताना होत नाही. आतून कोणीतरी चिमटे काढले आणि झिप खालपासून वरपर्यंत सर्रकन गेली.

वहिनी अजून टेबलावर उभ्या होत्या, फोन हातात. ड्रिलकर कॅम्परच्या कोपऱ्याशी वाकून, वर्षभरात सैल पडलेल्या त्या नाडीची गाठ नखांनी सोडत होता. ओली गाठ सुटेना, तेव्हा म्हणाला, "अगं, तो टॉर्च इकडे मार जरा."